कापलेला जावई

संगीता आडेला फोटोचं वेड लावलं ते सरकारनं. हे आधीच सांगितलेलं बरं, नाही तर तांड्यातले लोक उगाच तिच्या नवऱ्याला बोल लावतात, की यानंच बायकोला डोक्यावर बसवून ठेवलं.

संगीता अंगणवाडीची ताई. बोरी अरबपासून पायी अर्ध्या तासावर बंजाऱ्यांचा तांडा, तांड्याच्या टोकाला अंगणवाडी, अंगणवाडीत बावीस पोरं. सरकारनं तिच्या हाती मोबाईल दिला आणि म्हटलं, रोज फोटो पाठव. पोरं खिचडी खाताना, पोरं वजनकाट्यावर, बाया हात धुताना. फोटो गेला नाही तर खिचडी शिजलीच नाही, असा वरचा न्याय. संगीता बिचारी सहा वर्षं इमानानं फोटो पाठवत राहिली. मग एक दिवस एक बारकी पोरगी जेवता जेवताच झोपली. तोंडात घास तसाच, डोकं भिंतीला टेकलेलं, आणि खिडकीतलं ऊन नेमकं तिच्या कपाळावर. संगीतानं फोटो काढला. मोबाईलनं तो नाकारला. चेहरा ओळखू येत नाही म्हणे. संगीतानं मात्र तो खोडला नाही. घरी येऊन भाकरी थापता थापता चार वेळा पाहिला.

"काय वो, झोपलेल्या पोरीले काय पाहून राह्यली?" तिचा नवरा भावसिंग म्हणाला. "इकडे भाकर कोळसा झाली."

"होऊ द्या," संगीता म्हणाली. बाई गेली कामातून, हे भावसिंगनं तेव्हाच ओळखलं.

बोरीच्या स्टँडसमोर रोशनचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारसी, आधारकार्ड, सगळं तोच करतो. त्यानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना कपाटात टाकला, तर संगीतानं गोड बोलून तो पदरात पाडून घेतला. वापरायचा कसा, तेही त्याच्याच डोक्यावर बसून शिकली. मग काय! शेतात निंदायला गेली तरी कॅमेरा बांधावर, बाजारात गेली तरी कॅमेरा वांग्यांच्या पिशवीत. फोटो काढण्यापेक्षाही तिला गोडी होती नंतर पाहण्याची. कारण काढताना जे दिसत नाही ते नंतर दिसतं. म्हशीचा फोटो काढावा, आणि घरी येऊन पाहावं तर पाठीवर बगळा कधी येऊन बसला कोण जाणे. तांड्याच्या नायकाचा रुबाबात फोटो काढावा, तर मागं दारात त्याची म्हातारी त्याला वेडावून दाखवतेय. असं काही सापडलं, की संगीता एकटीच खुदखुदायची. तिला जन्मात काही फुकट मिळालं नव्हतं. हे मिळत होतं.

तर, तो फोटो.

श्रावणात तीजेच्या सणाला जमनी माहेरी आली. जमनी म्हणजे शेजारच्या रुखमाबाईची एकुलती एक लेक, आणि रुखमाबाई ही संगीताची चुलतसासू. जमनीला दिलेलं पार मुकुटबनकडच्या तांड्यात. वणीला गाडी बदला, यवतमाळला बदला, तेव्हा कुठं बोरी. त्यात लेकरू लहान, घरी सासूचं आजारपण. तीन वर्षं पोरीचं येणंच झालं नव्हतं. रुखमाबाई सकाळपासून स्टँडवर जाऊन बसलेली. सोबतीला संगीता, आणि संगीताच्या सोबतीला कॅमेरा.

आमच्या तांड्यात मायलेकी लय दिवसांनी भेटल्या, तर कशी आहेस, बरी आहेस, असलं काही विचारत नाहीत. गळ्यात पडतात आणि रडतात. साधं नाही, सुरात रडतात. त्या सुरातच सगळं सांगून होतं: कोण गेलं, कोणाला लेकरू झालं, गाय कधी व्याली, तू का आली नाहीस, मी किती वाट पाहिली. रडणं जेवढं मोठं तेवढी माया मोठी. कोरड्या डोळ्यांनी भेटल्या तर लोक विचारतील, काय वो, भांडण झालं का? रडून झालं की चूळ भरायची, तोंड धुवायचं आणि हसत घरी जायचं. स्टँडवरच्या चहावाल्याला हे पाठ आहे, तो आधीच पाण्याचा जग पुढं करतो. पण बाहेरच्या माणसानं पाहिलं तर त्याला वाटेल, आता इथं प्रेत येणार.

गाडी थांबली, जमनी उतरली, आणि रुखमाबाईनं हात पसरून सूर लावला. जमनी धावत येऊन पडली गळ्यात. संगीताचा कॅमेरा आपोआप डोळ्याला गेला. जमनीचे डोळे गच्च मिटलेले, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. रुखमाबाईच्या जुन्या ओढणीवरचे आरसे उन्हात चमकत होते, आणि घरी आल्यावर दिसलं, त्यातल्या एका आरशात इवलीशी लाल एसटीसुद्धा आली होती. संगीताला तो फोटो पाहून स्वतःलाच रडू आलं. असं काही आपल्या हातून झालं, यावर तिचा विश्वासच बसेना.

रोशननं तो कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला, आणि खुर्चीतून उठलाच.

"ताई, हा तं पहिला नंबर हाये! यवतमाळले स्पर्धा हाये, पाठवूनच देऊ. फक्त हा बाबू कापा लागते." त्यानं फोटोच्या डाव्या कडेला बोट ठेवलं. तिथं जमनीचा नवरा संजय उभा होता. खांद्यावर पोरगी, गळ्यात बायकोची पिशवी आणि तोंडभर हसू. "दोन बाया जीव तोडून रडून राह्यल्या अन् हा दात काढून राह्यला. पुऱ्या फोटोची माती केली यानं."

"जावई हाये तो आमचा," संगीता म्हणाली.

"असन. घरात असू द्या. फोटोत कायले पाह्यजे?"

आणि कापला जावई. मग नावाचा प्रश्न आला. संगीतानं कागदावर 'भेट' असं लिहून आणलं होतं. रोशन हसला. म्हणाला, "भेटीले कोण नंबर देते ताई? 'आक्रोश' लिहू." आक्रोश कुठं होता त्यात? तीन वर्षांनी माय भेटल्याचा आनंद होता. हे संगीताला कळत होतं, चांगलं कळत होतं. पण पहिला नंबर हे दोन शब्द एकदा कानात शिरले होते, आणि कानात शिरलेलं किडूक सहजासहजी बाहेर निघत नाही.

"लिहा," ती म्हणाली.

नंबर आला की हो! पहिलाच. यवतमाळच्या हॉलमध्ये फोटो लावला, खाली नाव, 'आक्रोश, संगीता भावसिंग आडे'. भावसिंग नवी टोपी घालून गेला होता, बायकोपेक्षा तोच जास्त मिरवला. एक चष्मेवाली बाई बराच वेळ फोटोपुढं उभी राहिली, मग संगीताकडं वळून हळूच म्हणाली, "कोण गेलं हो हिचं?" संगीता सांगणार होती. शपथेवर सांगते, तोंडापर्यंत आलं होतं. पण तेवढ्यात स्टेजवरून नाव पुकारलं, टाळ्या पडल्या, आणि ती गेली.

तांड्यात परतल्यावर रुखमाबाईनं संगीताच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मग विचारलं, "जावईबी आला ना वं त्यात? लय हसून राह्यलता तो."

"हाव काकी," संगीता म्हणाली. "आला ना."

कापूस फुटला, वेचणी लागली. एका दुपारी संगीता पोरांना खिचडी वाढत होती, तर मोबाईल वाजला. रुखमाबाईकडं फोन नाही, म्हणून जमनी संगीतालाच करायची.

"भाभी, याडी जवळ तं नाही ना? तिले सांगू नको." याडी म्हणजे आई. जमनीचा आवाज बसलेला. "तू माहा फोटो कोणाले देल्ता का?"

संगीताच्या हातातला डाव तसाच राहिला.

मुकुटबनच्या चौकात, जिथं संजय आपला ऑटो लावतो तिथंच, कोण्या व्यसनमुक्तीवाल्या मंडळानं मोठा फ्लेक्स लावला होता. फ्लेक्सवर जमनी, तिचे मिटलेले डोळे, उघडं तोंड. वर लाल अक्षरं: 'दारूनं माझं कुंकू नेलं. आतातरी थांबा!'

आता संजयचं ऐका. हा माणूस प्यायचा, खोटं कशाला बोला. पण दोन वर्षांमागं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं सोडली, ती सोडली. लग्नात नाही, होळीत नाही, थेंब नाही. त्याच्याजवळ मिरवायला तेवढीच एक गोष्ट होती. आणि आता ऑटोत बसणारा जो तो आधी फ्लेक्स पाहायचा, मग याचं तोंड पाहायचा. "काय संजयभाऊ, तुमी तं वारले म्हणे!" पहिल्या दिवशी तोही हसला. चौथ्या दिवशी एकाच्या अंगावर धावला. सहाव्या दिवसापासून ऑटो दारात उभा.

"सासू म्हणते, तूनं माह्या पोराले जित्तेपणी मारलं," जमनी सांगत होती. "अन् हे तं माह्या हातचं जेवत नाही, बोलत नाही. सासऱ्यानं सांगितलं, वेचा झाला की इले माहेरी घालून या. कायमची."

"पण तिथल्या लोकायले माहीत नाही का, आपुन भेटीले रडतो म्हणून? तेबी तं आपलेच हायेत ना!"

"माहीत हाये ना. म्हणूनच तं चिडले, भेटीतून जावयालेच कायले काढलं म्हणून." जमनी थांबली. "भाभी, हे म्हणते, मी तुह्या बाजूलेच उभा होतो. मायलेकी आल्या, आरसे आले, मांगची गाडीबी आली. मंग मीच कुठी गेलो? म्हणते, तूनंच भाभीले सांगितलं असन, याले काढून टाक म्हणून." मग ती हळूच म्हणाली, "मी तं खुशीनं रडली होती वो भाभी."

पोरं ताटं वाजवत होती, खिचडी थंड होत होती, आणि संगीताला वाटलं, आपण इथंच जमिनीत गडप व्हावं. मंडळाचं नाव जमनीनं सांगितलं होतं. नंबर शोधून तिनं फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्य होता. "मॅडम, आम्ही नेटवर 'आक्रोश' टाकलं, तर स्पर्धेच्या पानावर हा फोटो आला. आम्हाला काय माहीत नवरा जिवंत आहे? उतरवून घेतो." आणि दोन दिवसांत उतरवलाही. पण फ्लेक्स चौकातून उतरतो, लोकांच्या डोक्यातून कोण उतरवणार?

जमनीचा फोन आला त्याच दुपारी तिनं कॅमेऱ्याचं कार्ड काढलं आणि रोशनच्या दुकानात जाऊन मूळ फोटो उघडला. कापल्यापासून तिनं तो पाहिलाच नव्हता. नंबर आलेलाच फोटो खरा, असं तिच्याही मनानं धरलं होतं. पडद्यावर संजय उभा होता. खांद्यावर पोरगी, गळ्यात पिशवी, तेच हसू. संगीतानं त्याचा चेहरा मोठा केला. आणखी मोठा केला. मग तिनं रोशनला हाक मारली.

संजयच्या डाव्या गालावर पाण्याची रेघ होती. डोळ्यापासून थेट मिशीपर्यंत. ओठ हसत होते, आणि डोळे वाहत होते.

"आयला," रोशन म्हणाला. ज्याला हसतो म्हणून कापलं, तो रडत होता. काढताना जे दिसत नाही ते नंतर दिसतं, हे संगीताचंच म्हणणं. पण पाहिलं तर दिसेल ना! तिनं पाहिलंच नव्हतं. तिला फक्त पहिला नंबर दिसत होता.

संध्याकाळी ती रुखमाबाईच्या ओट्यावर गेली आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. रुखमाबाई कापसातली कवडी, म्हणजे किडका कापूस, निवडत होती, तिचे हात थांबले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "मी तुले इचारलं होतं, जावई हाये का त्यात. तू हाव म्हणाली."

"चुकलं काकी."

"पोरीचा संसार मोडून राह्यला, अन् तू म्हणतं चुकलं." म्हातारी पहिल्यांदाच वर पाहत होती. "रडून राह्यली कायले? चाल. तूनं कापला, तूच जोड."

रोशननं रातोरात फोटो मोठा काढून दिला, अख्खा, चौकटीत बसवून. या वेळी तो एकही विनोद करू शकला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं दोघी निघाल्या. यवतमाळला बदलली, वणीला बदलली. चौकट जुन्या साडीत गुंडाळून संगीताच्या मांडीवर. कॅमेराही पिशवीत होता. का घेतला, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. वाटेत रुखमाबाई तिच्याशी बोलली नाही, पण वणीला केळी घेतली तेव्हा अर्धी फणी तिच्या पुढ्यात ठेवली.

तांड्यावर पोचल्या तेव्हा जमनी वेचायला गेली होती. तिचा सासरा पूनमसिंग बाजेवर बसलेला, सासू दारात, आणि संजय ऑटोच्या मागच्या सीटवर, पाय बाहेर सोडून. रामराम झाला. पाणी मिळालं. चहाचं कोणी नाव काढलं नाही.

"तुमच्या पोरीचं सामान बांधून हाये," सासू म्हणाली.

संगीता उभी राहिली. अंगणवाडीत साहेबांपुढं बोलताना तिचा आवाज चढतो, पण इथं तो खालीच राहिला. "आधी माहं ऐका," ती म्हणाली. "जमनीनं काही सांगितलं नाही. संजयभाऊले मी कापलं. मले नंबर पाह्यजे होता. फोटोले नाव 'भेट' होतं, तेबी मीच बदललं. जमनीले तं फोटो पाठवला, हेबी माहीत नव्हतं. जे काय बोलाचं ते मले बोला." आणि तिनं साडी सोडून चौकट बाजेवर उभी केली.

पूनमसिंगनं चष्मा लावला. सासू पुढं आली, वाकली. संजय ऑटोतून उतरला नाही, पण मान त्याची वळली होती.

"हे काय हाये वं याच्या गालावर?" सासू म्हणाली.

सासूनं बोटानं काच पुसली, रेघ पुसली गेली नाही. मग ती सावकाश लेकाकडं वळली. "तू रडून राह्यलता?"

"घाम होय तो," संजय म्हणाला.

"डोळ्यातून कोणता घाम येते बे?" पूनमसिंग म्हणाला, आणि हसला. सासूला हसू आवरेना, तिनं पदर तोंडाला लावला. संजय कान लाल करून खाली उतरला, चौकटीजवळ आला आणि फोटोतल्या स्वतःला बराच वेळ पाहत राहिला. "मीच होय हा," तो म्हणाला. "जित्ता हाये चांगला." मग तो आत गेला, खिळा आणि हातोडी घेऊन आला, आणि दाराच्या वरच, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा, खिळा ठोकायला लागला.

"सामान सोडून ठेव," पूनमसिंगनं बायकोला सांगितलं. "अन् चहा मांड."

संगीता ओट्यावर मटकन बसली. रुखमाबाईनं तिच्या पाठीवर एक थाप दिली, फार हळू नाही, पण दिली. जुळलं होतं. कापलेलं जुळलं होतं.

तेवढ्यात वाटेनं जमनी आली. कमरेला कापसाची ओटी बांधलेली, फुगलेली, डोक्याला फडकं. अंगणात माय पाहून ती जागीच थांबली. रुखमाबाई उठली. गुडघे दुखतात तिचे, पण पोरीसारखी उठली. हात पसरले, मान वर केली आणि सूर लावला, तोच, स्टँडवरचा. शेजारच्या घरांतून दोन-तीन बाया दारात आल्या.

जमनी धावत आली नाही. भरभर चालत आली. मायच्या पसरलेल्या हातांत शिरली, आणि आपला तळवा तिच्या तोंडावर ठेवला.

"याडी, हळू," ती म्हणाली. "कोणी फोटो काढन."

रागानं नाही म्हणाली. संगीताकडं पाहूनही नाही. वाटेत चिखल आहे, पाय जपून टाक, असं सांगावं तसं. तिचे डोळे मात्र दारातल्या बायांवरून, त्यांच्या हातांवरून फिरत होते, कोणाच्या हातात मोबाईल आहे का ते बघत. रुखमाबाईचा सूर तळव्याखाली थोडा वेळ घुमला आणि थांबला.

संगीतानं कॅमेऱ्याची पिशवी पाठीमागं सरकवली, भिंतीच्या आणि आपल्या मधे. दारावर संजयची हातोडी चालू होती. सासूनं चहा आणला. मायलेकी शेजारी शेजारी बसल्या, आणि कोरड्या डोळ्यांनी बशीतून चहा प्यायल्या.